पायी नर्मदा परिक्रमा एकट्याने: दिवसांचा हिशोब, पाठीवरचं ओझं, झाडी, भरती आणि बाकीचं

वाटसरू_नगर
नर्मदे हर!
यंदा प्रबोधिनी एकादशी झाली की ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलायची आहे. पायी, सलग आणि एकट्याने. वय ५२, गुडघे ठीक, रोज १० किमी चालायचा सराव आहे. अनुभवकथनं भरपूर वाचून झाली. त्यातून भाव कळतो, पण पाठीवर किती किलो घ्यायचं, शूलपाणीच्या झाडीतून, म्हणजे सातपुड्यातल्या जंगलातून, वाट कशी जाते, समुद्र ओलांडायची होडी कशी ठरते हे नेमकं सापडत नाही. माहीतगारांनी मोजूनमापून लिहावं ही विनंती. एकट्याने कुठे चालू नये हे तर नक्की सांगा.

रेवातीर
नर्मदे हर. आधी हिशोब मांडू, बाकीचं त्यावर बसवता येईल.

नदीची लांबी १३१२ किमी. त्यातले १०७७ मध्य प्रदेशात, १६१ गुजरातेत आणि मधले ७४ किमी महाराष्ट्राच्या हद्दीवरून. दोन्ही तट धरले की २६२४ होतात, पण पाय ३००० च्या वर चालतात. धरणांचे फुगवटे, ओढे, उपनद्यांचे पूल यांच्यासाठी सारखं आत जावं लागतं. रोज सरासरी २२ किमी धरा. १४० दिवसांत ३०८० होतात. वर ८-१० दिवस ताप, पाऊस आणि नावेची वाट पाहण्यासाठी राखून ठेवा. मध्य नोव्हेंबरला निघालात तर समुद्र डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, उत्तर तटाने ओंकारेश्वरच्या समोर जानेवारीच्या उत्तरार्धात, अमरकंटक मार्चच्या सुरुवातीला आणि सांगता एप्रिलच्या मध्यावर. शास्त्रात सांगितलेली ३ वर्षं ३ महिने १३ दिवसांची परिक्रमा चातुर्मासात एका जागी थांबून करायची असते. तिचा हिशोब वेगळा.

मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला. म्हणजे ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने पश्चिमेला, समुद्र ओलांडून उत्तर तटाने पूर्वेला अमरकंटक, तिथे उगमाला वळसा आणि पुन्हा दक्षिण तट. उपनद्या ओलांडायच्या, मैया ओलांडायची नाही.

यात नवखे लोक पहिल्याच दिवशी चुकतात. ओंकारेश्वराचं मंदिर मांधाता बेटावर आहे. संकल्प झाल्यावर त्या पुलावर पाय ठेवता येत नाही. त्यामुळे ओंकारेश्वराचं दर्शन आदल्या दिवशी घ्या. संकल्पाच्या दिवशी दक्षिण तटावर स्नान, कुपी (मैयेचं जल सोबत नेण्याची छोटी बाटली) भरणं, कन्यापूजन, ममलेश्वराचं दर्शन आणि मग चालायला सुरुवात. अमरकंटकलाही तसंच. उगमाचं कुंड आणि माई की बगिया यांच्यामधून वाट काढायची नाही, बगियाच्या मागून जायचं.

आधारच्या चार प्रती, पासपोर्ट आकाराचे चार फोटो आणि परिक्रमावासी असल्याचं पत्र जवळ ठेवा. एक शंभर पानी वही घ्या आणि मुक्कामाच्या आश्रमात शिक्का व तारीख घेत चला. एकट्या माणसाला याचा खरा उपयोग असा, की तुम्ही काल कुठे होतात हे दुसऱ्या कुणालाही त्या वहीवरून सांगता येतं.

पाठीवरचं_बिऱ्हाड
ओझ्याबद्दल लिहितो. पाणी सोडून स्वतःच्या वजनाचा दहावा हिस्सा, त्याच्या वर अर्धा किलोही नको. ६८-७० किलोच्या माणसाची यादी ग्रॅममध्ये:

कंबरपट्ट्याची सॅक १०००, फोमची पातळ चटई ३५०, स्लीपिंग बॅग ११००, एकट्याची मच्छरदाणी ३००, कपड्यांचे दोन जोड १०००, स्वेटर व कानटोपी ५००, दोन पंचे २००, ताट-वाटी-पेला व छोटं पातेलं ४५०, औषधं ३००, टॉर्च-पॉवरबँक-चार्जर ४५०, कुपी व पूजा ३००, दोरी-सुईदोरा-साबण-मेणबत्ती २५०, चप्पल ३००, कच्चा शिधा ४००. बेरीज ६९००. एक लिटर पाणी धरून ७.९ किलो.

यातलं काय गळतं तेही सांगतो. लोक दुसरी चादर, तिसरा जोड, जाड पोथी आणि घरच्या लाडवांचा डबा घेतात आणि मोरटक्क्यापर्यंत कुणाला तरी देऊन टाकतात. मच्छरदाणी मात्र वजन वाचवायला काढू नका, कारण खाली *औषधपेटी* लिहीलच.

सॅकचं वजन खांद्यावर आलं की मान आणि पाठीचा वरचा भाग धरतो. कंबरपट्टा आधी आवळायचा, तो कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, मग खांद्याचे पट्टे. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. जड वस्तू पाठीला चिकटून मध्यभागी, स्लीपिंग बॅग तळाला.

वाटसरू_नगर
धन्यवाद. कुपी कशाची घ्यावी? आणि ती कुठे ठेवायची?

रेवातीर
१०० ते २०० मिलीची, फिरकीच्या झाकणाची, झाकणात रबरी चकती असलेली स्टीलची किंवा तांब्याची. पातळ प्लास्टिकची बाटली सॅकमध्ये दाबली गेली की झाकणातून पाझरते. पारदर्शक बाटलीत उजेड जातो आणि आठ दिवसांत आत हिरवं शेवाळ धरतं. काचेची दगडावर फुटते. कुपी फडक्यात गुंडाळून पुढच्या झोळीत ठेवा, जमिनीवर नुसती ठेवू नका. सकाळ-संध्याकाळ पूजा तिचीच करायची. काठाला असाल तेव्हा थोडं जल मैयेत सोडून तेवढंच ताजं भरून घ्या, म्हणजे पाणी जुनं होत नाही. झाडीत मैया आठ-दहा दिवस दिसत नाही, तेव्हा कुपीच मैया.

सागरसंगमावर अर्धं जल सागरात अर्पण करून तिथलं थोडं भरून घेतात. म्हणून नावेत चढताना कुपी सॅकच्या तळाला नको.

काठाकाठाने
पायांवर कुणी लिहिलं नाही म्हणून.

बूट नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठे. १५ किमी चालल्यावर पाय सुजतात, त्यामुळे बूट संध्याकाळी विकत घ्या. निघण्याआधी त्यांत ८०-१०० किमी चालून झालेलं असावं. साधे स्पोर्ट्स शूज पुरतात. जाड चामड्याचे ट्रेकिंग बूट ओढ्यात भिजले की दोन दिवस वाळत नाहीत. ७००-८०० किमीला तळ दबतो. वरून बूट चांगले दिसतात, पण टाच दुखायला लागते. भरूच आणि जबलपूर ही दोन ठिकाणं बूट बदलायला सोयीची.

फोड येतो तो उष्णता, ओल आणि घासणं ही तीन एकत्र आली की. यातलं एक काढलं तरी तो थांबतो. दर दीड-दोन तासांनी बूट-मोजे काढून दहा मिनिटं पाय उघडे ठेवा, मोजे उलटे करून उन्हात वाळत घाला. कुठेही चुरचुरलं की त्याच जागी थांबा आणि झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी लावा. "पुढच्या गावात बघू" म्हटलं की फोड नक्की. आलेला फोड छोटा असेल तर फोडू नका. मोठा आणि चालू न देणारा असेल तर सुई ज्योतीवर तापवून, गार करून कडेला दोन टोचे द्या, पाणी दाबून काढा, पोव्हिडोन आयोडीन लावा, कातडी ओढून काढू नका. फोडात दोरा ठेवायची जुनी पद्धत आश्रमात कुणीतरी सांगेलच. दोऱ्यावरून घाण आत जाते, ते करू नका.

नडगीच्या पुढच्या हाडालगत दुखायला लागलं तर ते डांबरावर जोरात चालल्याने. पहिले दहा दिवस १५-१८ किमीच चाला. बहुतेक परिक्रमा याच दहा दिवसांत मोडतात. अंगात उत्साह असतो, २८-३० किमी होतात आणि बाराव्या दिवशी नडगी किंवा गुडघा बसतो.

अवकाळी पाऊस झाला की काळ्या मातीची वाट सोडून सरळ रस्त्यावर या. ती माती बुटाला थराथराने चिकटते, एकेक पाय किलोभर जड होतो आणि घोटा मुरगळतो.

रेवातीर
*काठाकाठाने* यांच्याशी एका बाबतीत वाद घालतो. रस्ता आणि काठ यांत शक्य तिथे काठच धरावा. रस्त्यावर ट्रक, धूळ आणि डांबराची उष्णता. काठाला सावली, पाणी आणि आश्रम. अंकलेश्वरच्या आसपासचा रस्ता एकट्याने चालायला फार कंटाळवाणा आणि वाहनांचा.

काठाकाठाने
काठ मलाही प्रिय. पण काठाची वाट दर दोन-तीन किमीला नाल्याने तुटते. नाल्यात उतरायला दरड उभी असते, माती भुसभुशीत, आणि एकटा माणूस पाठीवर आठ किलो घेऊन तिथून घसरला तर वर कुणी नसतं. माझा नियम असा: समोरच्या दरडीवर ताज्या पावलांच्या खुणा दिसत असतील तरच उतरा. नसतील तर आत वळून पूल गाठा, चार किमी जास्त पडले तरी. तवा, शक्कर, शेर, बंजर, हिरण, ओरसंग अशा मोठ्या उपनद्यांना तर पूल किंवा नावच धरायची. कमरेएवढं पाणी आहे असं कुणी सांगितलं तरी एकट्याने उतरू नका.

धरणांखालच्या पट्ट्यात वाळूवर झोपू नका, खोल पाण्यात स्नान करू नका. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला अमावास्येच्या जत्रेसाठी जमलेले कितीतरी भाविक वरून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. भोंगा वाजला की काठ सोडायचा, कपडे राहिले तरी.

रेवातीर
पटलं. खुणांचा नियम चांगला आहे.

सातपुडा_पायवाट
शूलपाणीची झाडी. इथे सविस्तर लिहितो, कारण एकट्याने चालणाऱ्याचा प्रश्न मुख्यतः इथे आहे.

पूर्वीची काठाची वाट आता नाही. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा तिथपर्यंत भरला. काठचे पाडे, वाटा, जुनं शूलपाणेश्वराचं मंदिर सगळं पाण्याखाली आहे. नवं मंदिर गोऱ्याला. त्यामुळे वाट आता आतून, डोंगराच्या सोंडांवरून जाते: बडवानी, पाटी, बोकराटा, मग महाराष्ट्रात बिलगाव, धडगाव, काठी, मोलगी, पुढे गुजरातेत माथासर, झरवाणी आणि गोरा. आठ ते दहा दिवस धरा. गाडीची परिक्रमा खेतिया, शहादा, प्रकाशा अशी झाडीला बाहेरून वळसा घालते. पायी लोकांपैकी ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी तोच रस्ता धरला तर काही बिघडत नाही.

बडवानीत भरून घ्यायचं: १० दिवसांची औषधं, पाकिटातला ओआरएस, एक किलो सातू किंवा भाजकं पीठ, गूळ, काडेपेट्या, आणि ५०-१०० च्या नोटांत दोन-अडीच हजार रुपये. आतल्या बऱ्याच पट्ट्यात मोबाईलला रेंज नसते. घरी आधीच सांगून ठेवा की दोन-तीन दिवस फोन आला नाही तर घाबरू नका, चार दिवस झाले तर अमुक आश्रमात फोन करा.

वाट विचारायची एक पद्धत आहे. इथलं गाव म्हणजे एका टेकडीवर चार घरं, दुसऱ्या टेकडीवर सहा, अशी तीन-चार किमी पसरलेली पाड्यांची रांग. "बिलगाव कुठे" असं विचारलं तर उत्तर मिळतं "हेच", आणि आश्रम तिथून तासभर असतो. म्हणून गावाचं नाव न घेता "आसन कुठे लागतं, परिक्रमावासी कुठे थांबतात" असं विचारा. अंतर किमीत विचारू नका, "सूर्य कुठे आल्यावर पोहोचेन" विचारा, बरोबर सांगतात. बोली पावरी आणि भिलोरी. धडगावच्या बाजूला मराठी चालते, शाळेतले गुरुजी आणि आशाताई सगळी मदत करतात.

पूर्वी झाडीत परिक्रमावासीयांना लुटलं जायचं, अंगावरचे कपडेसुद्धा जायचे. लुटणाऱ्यांना सगळे "मामा" म्हणायचे. ते दिवस मागे पडले. आज त्याच पाड्यांवर लोक स्वतःच्या ज्वारी-मक्यातून भाकरी करून घालतात. सोन्याची चेन, महाग घड्याळ नेऊ नका, आणि पाड्यावर फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मुलांना वाटेत गोळ्या-बिस्किटं वाटल्याने ती शाळा सोडून रस्त्यावर उभी राहतात, हे मनापासून सांगतो. द्यायचंच असेल तर ज्या घरी जेवलात तिथे मीठ, चहा-साखर आणि काडेपेटी ठेवा.

आता एकट्याने? बिलगाव ते धडगाव एकट्याने जमतं. बोकराटा ते बिलगाव आणि माथासर ते झरवाणी या दोन पट्ट्यांत दोन-तीन मूर्ती (परिक्रमावासी) सोबत धराच. दुसऱ्या पट्ट्यात अभयारण्य आहे, उतार निसरडा आहे, फाटे खूप आहेत. आदल्या संध्याकाळी आश्रमात "सकाळी कोण निघतंय" एवढं विचारलं की सोबत मिळते. नोव्हेंबर-डिसेंबरात रोज कुणीतरी असतंच.

गोऱ्याच्या पुढे समोर उत्तर तटावर गरुडेश्वर आहे. टेंबे स्वामींची समाधी तिथे आहे, १९१४ सालची. मन ओढ घेतं, पण ते दर्शन परतीच्या तटावर, समुद्र ओलांडून आल्यावर.

निळी_घागर
एकट्या बाईने जावं का? आणि पाळीच्या दिवसांत काय करतात?

चूल_आणि_चौका
ताई, बायका जातात, दरवर्षी जातात. काही गोष्टी पक्क्या करा. मुक्काम दुपारी चारपर्यंत ठरवायचा. पुरुषांना साडेपाच चालतात, आपल्याला चार. आश्रमात शिरताच तिथल्या बाईमाणसाला भेटायचं, बाई नसेल तर गावातल्या घरी किंवा शाळेच्या व्हरांड्यात आसन मागायचं. निमाडात घरी ठेवून घ्यायला कुणी नाही म्हणत नाही. आतून कडी लागते का हे सामान सोडण्याआधी बघा. झाडीत आणि उत्तर तटावर जयंती माता ते नेमावरच्या जंगलात सलग सोबत हवीच.

पाळीचं: चालणं कुणी थांबवत नाही. बहुतेकजणी त्या दिवसांत कुपीची पूजा सोबतच्या बाईकडे देतात किंवा कुपी झोळीत तशीच ठेवतात. काहीजणी काहीच वेगळं पाळत नाहीत. आश्रमाचा नियम असेल तर तो पाळा, वाद घालू नका. पॅड आतल्या गावांत मिळत नाहीत, दोन महिन्यांचे घ्या आणि वापरलेले कागदात गुंडाळून मोठ्या गावापर्यंत सोबत न्या, मैयेच्या काठी टाकू नका.

वाटसरू_नगर
जेवणाचं काय? सदावर्त मिळतं म्हणतात, पण मला टिक्कड करता येत नाही.

चूल_आणि_चौका
सकाळी बालभोग म्हणजे चहा आणि पोहे किंवा नुसता चहा, दुपारी आणि रात्री भोजनप्रसादी. बहुतेक ठिकाणी तयार मिळते. जिथे आश्रमात एकटे साधू असतात तिथे सदावर्त, म्हणजे कोरडा शिधा: पीठ, डाळ, मीठ, मिरची, कधी बटाटा. "कितने मूर्ति?" विचारतील, एकटे असाल तर "एक मूर्ति" सांगायचं. दोन मुठी जास्त देत असतील तर परत करा, ओझं वाढतं आणि दुसऱ्याचा वाटा जातो.

टिक्कड एका माणसाचं: कणीक २०० ग्रॅम, मीठ पाव चमचा, असेल तर चमचाभर तेल. घट्ट मळा, पोळीपेक्षा घट्ट, पुरीसारखं. ओला पंचा झाकून पंधरा मिनिटं ठेवा. दोन गोळे करा आणि हातावरच बोटाएवढ्या जाडीचे थापा. तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजू कोरड्या करा, पृष्ठभाग पांढुरका होऊन ठिपके पडले की काढा. आता ज्वाळ विझवून निखारे पसरा आणि टिक्कड निखाऱ्यांना टेकवून उभं ठेवा, दर मिनिटाला थोडं फिरवत. वाजवल्यावर पोकळ आवाज आला की झालं. राख झटकून खा.

बिघडतं कुठे? ज्वाळेवर भाजलं की बाहेर करपतं आणि आत पीठ कच्चं राहतं, मग रात्री पोट दुखतं. म्हणून निखारे होईपर्यंत थांबायचं. त्या वेळात डाळ शिजते. गोवऱ्या असतील तर लाकडापेक्षा चांगल्या, आच एकसारखी लागते. निखारे विझवून चौका सारवून किंवा झाडून दिल्याशिवाय उठायचं नाही.

औषधपेटी
तीन गोष्टी.

एक, मच्छरदाणी. तिचं खरं काम मण्यारीसाठी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, चावलेलं दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात कळ, मग पापण्या जड, बोलणं जड. जाळी चारही बाजूंनी चटईखाली खोचलेली हवी. भिंतीच्या कडेला आणि लाकडांच्या ढिगाजवळ आसन लावू नका. चावलं तर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. तो हात किंवा पाय काठीला बांधून हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा, प्रतिविष तिथे मिळतं. रेंज नसेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्यायला सांगा.

दोन, जुलाब. हातपंपाचं पाणी बहुतेक ठिकाणी चालतं, काठचं उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून. ओआरएस संपला तर एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर त्रास वाढतो.

तीन, बीपी-शुगरच्या गोळ्या एका महिन्याच्याच घ्या, चिठ्ठी सोबत ठेवा. बडवानी, भरूच, जबलपूर, नर्मदापुरम इथे पुन्हा घेता येतात. नाव, रक्तगट, चालू औषधं आणि घरचे दोन फोन नंबर कागदावर हिंदीत लिहून प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात ठेवा. मोबाईल बंद पडतो, कागद बंद पडत नाही.

खाडीची_हवा
समुद्राचं. दक्षिण तटावर हांसोटच्या पुढे कठपोर, उत्तर तटावर दहेजजवळ मिठी तलाई. मधलं अंतर नावेने तीन ते चार तास. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सगळ्यात मोठ्यांपैकी, आणि दोन्ही काठ चिखलाचे. म्हणून नाव घड्याळावर नाही, पाण्यावर सुटते. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आज पहाटे ३ ला सुटली तर तीन दिवसांनी साडेपाचला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी भरपूर. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी चढतं आणि नाव किनाऱ्याला लागत नाही, त्या दिवसांत एक-दोन दिवस थांबावं लागू शकतं. निघण्याआधी पंचांग बघून तुम्ही कोणत्या तिथीला पोहोचाल याचा अंदाज घ्या.

आदल्या दिवशी स्वतःचं नाव नोंदवायचं, आधारची प्रत द्यायची. रात्री उठवतील तेव्हा सामान बांधलेलं हवं. बूट काढून गळ्यात अडकवा, चिखल गुडघ्याएवढा असतो. जीवरक्षक जाकीट मागून घ्या. मळमळणाऱ्यांनी गोळी तासभर आधी. मोबाईल आणि वही दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. एक लिटर पाणी आणि मूठभर चणे-गूळ सोबत हवेतच. कारण इंजिन बंद पडलं किंवा उशीर झाला तर पाणी ओसरतं, नाव चिखलात बसते आणि पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे साधारण बारा तास, तिथेच. अशा वेळी किनारा जवळ दिसतोय म्हणून चिखलात उतरायचं नाही. माणूस मांडीपर्यंत रुततो आणि ओढून काढायला कुणी जवळ येऊ शकत नाही. नावेतच बसा.

काठाकाठाने
परतीच्या भागाचं थोडं. बर्गी आणि इंदिरा सागर या धरणांच्या फुगवट्यांत "मैया उजवीकडे" हा नियम फसवतो. बुडालेल्या ओढ्याचं पाणी एवढं रुंद असतं की तीच मैया वाटते, आणि माणूस तिच्या कडेने चालत अर्धा दिवस उलट आत जातो. इंदिरा सागर हा साठवणीने देशातला सगळ्यात मोठा जलाशय, हरसूद गाव त्यातच २००४ मध्ये गेलं. तिथे काठ सोडून छनेरा, मूंदी, पुनासा असा रस्ता धरा. एप्रिलमध्ये सावली नाही, ऊन ४० च्या वर. पहाटे पाचला निघून दहापर्यंत १५ किमी, मग थेट साडेचारनंतर ५-६. पाणी इथे दोन लिटर.

दिंडोरी-अमरकंटकच्या पट्ट्यात मार्चमध्ये मोह गळायला लागतो. अस्वलं पहाटे मोहाखाली येतात. तिथे उजाडल्यावरच निघा, काठी दगडावर आपटत चाला.

वाटसरू_नगर
सगळ्यांना नमस्कार. एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सराव म्हणून आधी काही छोटं करता येईल का? आणि सांगता कशी करायची तेही सांगा.

खाडीची_हवा
चैत्रात तिलकवाडा-रामपुरा इथे उत्तरवाहिनी परिक्रमा असते, एका दिवसात होते. पण तुम्ही कार्तिकात निघणार, त्याआधीचा चैत्र गेला. त्याऐवजी भरलेली सॅक घेऊन सलग सहा दिवस रोज १८ किमी चाला. एक दिवस चालणं सोपं असतं, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी काय दुखतं ते कळलं पाहिजे.

रेवातीर
सांगता ज्या घाटावर संकल्प केला तिथेच. स्नान, कुपीची पूजा, कढाई म्हणजे शिऱ्याचा नैवेद्य, कन्याभोजन. नऊ मुलींना रवा ५०० ग्रॅम, तूप ३००, साखर ५००, पाणी दीड लिटर पुरतं. सोबत पुरी-भाजी करणारी घरं घाटावर आहेत. मग पूल ओलांडून कुपीतलं जल ओंकारेश्वराला वाहायचं. परतीला खंडवा किंवा इंदूरची बस. खंडव्याहून भुसावळ-मुंबईकडे गाड्या भरपूर.

घरी आल्यावर एकदम बसू नका. पंधरा दिवस रोज ५-६ किमी चाला आणि जेवण निम्मं करा. पाच महिन्यांची भूक लगेच उतरत नाही.

चूल_आणि_चौका
कन्याभोजनाचं एक. शाळेच्या दिवशी दुपारी मुली मिळत नाहीत, आणि एप्रिलमध्ये परीक्षा असतात. आदल्या संध्याकाळी घाटावरच्या घरांत सांगून ठेवा आणि सकाळी आठच्या आत पानं वाढा.